विद्यापीठातील शैक्षणिक संशोधन आणि मुंबईतील सार्वजनिक शाळा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महापालिका शाळांतील शिक्षक, मुख्याध्यापक, शाळा व्यवस्थापन समित्यांवरील पालक आणि एम.एड. किंवा पीएच.डी. करणारे विद्यार्थी यांच्याकडून सातत्याने येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. आधी प्राथमिक प्रश्न घेतले असून अवघड आणि अपवादात्मक प्रसंगांचे प्रश्न शेवटी आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल; एखाद्या मुद्द्याचा खुलासा दुसरीकडे असेल, तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. ‘सार्वजनिक शाळा’ या शब्दाने येथे मुख्यतः बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या शाळा अभिप्रेत आहेत.

१. शैक्षणिक संशोधन म्हणजे नेमके काय? शाळेत चाचण्या तर होतच असतात, मग त्यातून वेगळे काय कळते?

चाचणीतून मुलाला किती गुण मिळाले हे कळते. ते गुण का गेले, याचा शोध संशोधन घेते. चौथीच्या एखाद्या वहीत ४२ − १७ = ३५ असे उत्तर दिसले की त्यावर लाल फुली पडते आणि एक गुण जातो. पण त्याच वहीत ६३ − २८ चे उत्तर ४५ आणि ५१ − ३४ चे उत्तर २३ असे लिहिलेले असेल, तर ते मूल धांदरट नाही, हे लक्षात यायला हवे. एककाच्या घरात असो वा दशकाच्या, मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा, असा एक नियम त्याने स्वतः बसवला आहे आणि तो ते काटेकोरपणे पाळत आहे. वजाबाकीतील चुका पुष्कळदा अशा नियमबद्ध असतात, हे अमेरिकेत १९७०च्या दशकाच्या अखेरीस झालेल्या अभ्यासांनी दाखवून दिले. अशा मुलाला सरावासाठी आणखी वीस उदाहरणे दिली, तर त्याचा चुकीचा नियमच पक्का होतो. काड्यांचा एक दशकगठ्ठा त्याच्यासमोर सोडून दहा सुट्या काड्या करून दाखवल्या, तर तो नियम मोडण्याची शक्यता असते. शिक्षकाला उद्याच्या तासाला काय करावे हे ज्यातून कळते, ते संशोधन शाळेच्या उपयोगाचे.

२. मुंबईत असे काम कोणत्या संस्थांत चालते?

मुंबई विद्यापीठ (स्थापना १८५७) आणि श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ (स्थापना १९१६) या दोन्ही विद्यापीठांत शिक्षणशास्त्राचे विभाग आहेत आणि एम.एड.पासून पीएच.डी.पर्यंतचे संशोधन तेथे होते. देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत प्राथमिक शिक्षण आणि शिक्षक-शिक्षण या विषयांवर काम होते. पवईच्या आयआयटीमध्ये शैक्षणिक तंत्रज्ञानात पीएच.डी. करता येते. मानखुर्दचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र हे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे केंद्र १९७४ साली सुरू झाले आणि प्रारंभीच्या काळापासूनच त्याने महापालिका शाळांतील वंचित समाजगटांच्या मुलांबरोबर काम केले. विज्ञान न समजण्यामागे पुष्कळदा पाठ्यपुस्तकाची बोजड भाषा असते, हा त्या कामातून पुढे आलेला मुद्दा आजही तितकाच महत्त्वाचा आहे.

येथे एक जुनी गोष्ट नोंदवावीशी वाटते. शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक यांनी भारतीय शिक्षण संस्था (इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन) १९४८ साली मुंबईतच सुरू केली होती. १९७६ साली ती पुण्यास गेली. शाळा आणि संशोधन यांना जोडण्याचा विचार या शहराला नवा नाही.

३. संशोधनामुळे महापालिका शाळांतील मुलांचे खरोखर भले झाल्याचे एखादे ठोस उदाहरण आहे का?

आहे, आणि ते जगभर अभ्यासले जाते. ‘प्रथम’ ही संस्था १९९० च्या दशकाच्या मध्यावर मुंबईत उभी राहिली. तिच्या ‘बालसखी’ उपक्रमात वस्तीतीलच, माध्यमिक शिक्षण झालेली एक तरुणी शाळेत येई आणि तिसरी-चौथीतील मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज सुमारे दोन तास बाजूला घेऊन वाचन आणि अंकज्ञान यांची पायाभूत तयारी करून घेई. या उपक्रमाने मुले खरोखर शिकतात का, हे २००१ ते २००४ या काळात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, शॉन कोल आणि ली लिंडन या अर्थशास्त्रज्ञांनी मुंबई आणि वडोदरा येथील महापालिका शाळांत तपासले. कोणत्या शाळेत कोणत्या इयत्तेला बालसखी मिळेल हे यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे सोडत काढून ठरवले होते. त्यामुळे चांगल्या शाळेलाच चांगला उपक्रम मिळाला आणि निकाल चांगला दिसला, अशी शंका घेण्यास जागा उरली नाही.

सरासरी गुण पहिल्या वर्षी ०.१४ आणि दुसऱ्या वर्षी ०.२८ प्रमाण विचलनाने (मुलांचे गुण सरासरीभोवती किती विखुरलेले आहेत, हे सांगणाऱ्या मापाने) वाढले. मात्र मला या अभ्यासातील दुसरा निष्कर्ष अधिक मोलाचा वाटतो. बालसखीकडे मुले गेल्यावर मूळ वर्गातील गर्दी कमी झाली होती, तरीही त्या वर्गातच राहिलेल्या मुलांच्या गुणांत लक्षणीय वाढ दिसली नाही. प्रगती झाली ती बालसखीकडे गेलेल्या मुलांची. केवळ पट कमी करण्यापेक्षा मूल आज जेथे आहे तेथून त्याला शिकवायला सुरुवात करणे अधिक परिणामकारक ठरले. कुर्ल्यातील एखाद्या वर्गात तिसरीचे पुस्तक चालू आहे आणि शेवटच्या बाकावरच्या मुलाला अजून बाराखडी येत नाही, हे चित्र ज्यांनी पाहिले आहे त्यांना या निष्कर्षाचे महत्त्व वेगळे सांगायला नको. बॅनर्जी आणि डुफ्लो यांना मायकेल क्रेमर यांच्यासह २०१९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, त्यामागे ज्या प्रायोगिक पद्धतीचे काम होते तिची एक महत्त्वाची कसोटी आपल्या पालिकेच्या वर्गखोल्यांत लागली होती. (सोडतीमुळे काही मुलांवर अन्याय होतो का, याचे उत्तर प्रश्न १२ मध्ये आहे.)

४. बालसखीचा परिणाम टिकला का? आणि तेच सर्वत्र का सुरू केले नाही?

पूर्णपणे टिकला नाही. उपक्रम संपल्यानंतर वर्षभराने घेतलेल्या चाचणीत वाढ सुमारे ०.१ प्रमाण विचलनापर्यंत उतरलेली दिसली. यातून बालसखी निरुपयोगी होती असा अर्थ काढणे चुकीचे आहे. एका वर्षाच्या आधाराने पुढच्या सगळ्या इयत्तांचे काम होत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

‘सर्वत्र’ नेण्याच्या प्रश्नावरही नंतर बरेच संशोधन झाले. बिहारमध्ये सरकारी शिक्षकांनीच घेतलेल्या उन्हाळी शिबिरांत मुले वाचू लागली, परंतु तेच शिक्षक शाळेच्या नेहमीच्या वेळापत्रकात परतल्यावर केवळ प्रशिक्षण आणि साहित्य देऊन तसा परिणाम साधला नाही. हरियाणात मात्र पातळीनुसार शिकवण्यासाठी दिवसातील वेळ राखून ठेवला आणि पर्यवेक्षकांना त्यासाठी खास तयार केले, तेव्हा भाषेतील प्रगती दिसून आली. म्हणजे अडचण शिक्षकांच्या कुवतीची नव्हती. अभ्यासक्रम पूर्ण करण्याचे दडपण वर्गात कायम असताना दुसरे काहीही करायला त्यांना मोकळीक मिळत नव्हती. महापालिकेतील शिक्षक हेच गेली कित्येक वर्षे सांगत आले आहेत. त्यांच्या म्हणण्याला पुराव्याचे बळ मिळाले, हे या संशोधनाचे माझ्या मते मोठे काम आहे.

५. आमच्या मुलांना अक्षरे ओळखता येतात, पण धडा वाचता येत नाही. मराठी वाचनाबद्दल संशोधन काय सांगते?

दुसरीतील मूल ‘कमल नळ बघ’ धडाधड वाचते आणि ‘विद्यार्थ्यांनी’ या शब्दापाशी अडते. ‘वि’ म्हणते, ‘द्या’ची फोड करू पाहते, तोवर शब्दाची सुरुवात विसरते आणि शेवटी बाईंच्या चेहऱ्याकडे पाहून अंदाजाने काहीतरी बोलते. हे आळसामुळे होत नाही. आपल्या लिपीत व्यंजन, स्वरचिन्हे आणि जोडाक्षरे मिळून शिकायच्या आकृत्यांची संख्या खूप मोठी होते. कन्नड मुलांवर सोनाली नाग यांनी केलेला, २००७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की अशा अक्षरलिपीवर पकड येण्याचा काळ इंग्रजी वर्णमालेच्या मानाने बराच लांबतो आणि पहिली-दुसरीच्या पुढेही चालू राहतो. पहिलीअखेर सगळी लिपी ‘संपवण्याचा’ आग्रह त्यामुळेच मुलांवर अन्याय करणारा आहे.

मराठीच्या संदर्भात ‘लिटरसी रिसर्च इन इंडियन लँग्वेजेस’ हा प्रकल्प विशेष उपयोगी आहे. २०१३ पासून काही वर्षे पालघर जिल्ह्यातील वाडा तालुक्यात मराठी आणि कर्नाटकातील यादगीर जिल्ह्यात कन्नड शिकणाऱ्या मुलांचा त्यात सलग मागोवा घेतला गेला. वाड्याच्या कामात ‘क्वेस्ट’ ही संस्था सहभागी होती. वर्गातील वेळ मुख्यतः फळ्यावरून उतरवून घेण्यात आणि सामूहिक आवाजात म्हणण्यात जातो, आणि वाचलेल्या मजकुराच्या अर्थाबद्दल मुलांशी बोलणे फारच कमी होते, असे त्यातून दिसले. घरी वारली किंवा अन्य बोली बोलणाऱ्या मुलांची पंचाईत दुहेरी होती. मुंबईतील मराठी माध्यमाच्या वर्गांतही घरी वेगळी बोली किंवा वेगळीच भाषा असलेली मुले पुष्कळ असतात.

मग वर्गात काय करायचे? अक्षरशिक्षण सोडायचे नाही. पण पहिल्या दिवसापासून त्याच्या जोडीला गोष्ट मोठ्याने वाचून दाखवणे, तिच्यावर मुलांना त्यांच्या भाषेत बोलू देणे आणि चुकतमाकत का होईना स्वतःचे वाक्य लिहू देणे, ही तीन कामे ठेवायची. ‘आधी सगळी अक्षरे, मग अर्थ’ हा क्रम संशोधनाला मान्य नाही.

६. परदेशातील निष्कर्ष आपल्या शाळांना लागू करता येतात का?

निष्कर्ष जसाच्या तसा उचलता येत नाही. तो कोणत्या परिस्थितीत निघाला, हे आधी पाहावे लागते. अमेरिकेतील टेनेसी राज्यात १९८५ पासून झालेल्या प्रसिद्ध प्रयोगात १३ ते १७ मुलांच्या लहान वर्गांतील मुले २२ ते २५ मुलांच्या वर्गांतील मुलांपेक्षा सरस ठरली. ते पाहून कॅलिफोर्नियाने १९९६ साली राज्यभर वर्ग लहान केले, त्यासाठी घाईने शिक्षक भरले, त्यांतील अनेकांकडे पूर्ण पात्रता नव्हती, आणि अपेक्षित फळ मिळाले नाही. आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक स्तरावर ३० मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण ठरवले आहे, आणि मराठी माध्यमाच्या अनेक वर्गांत पट त्याच्याही आत आहे. अशा वर्गांत ‘पट कमी करा’ हा सल्ला काहीच शिकवत नाही. तेथे प्रश्न ३ मधील निष्कर्ष अधिक कामाचा.

याउलट काम करण्याची पद्धत घेता येते. शिकागो विद्यापीठात १९९० साली शहरातील सार्वजनिक शाळांच्या अभ्यासासाठी एक कायमस्वरूपी गट उभा राहिला. नववीच्या वर्षात जी मुले वेळापत्रकाप्रमाणे पुढे सरकतात, ती शालान्त शिक्षण पूर्ण करण्याची शक्यता इतरांच्या साडेतीन पट असते, हे त्याने २००५ साली दाखवून दिले. शाळांना त्यामुळे कोणत्या मुलाकडे कधी लक्ष द्यायचे, याचा साधा निकष मिळाला. मुंबईत महापालिकेच्या अनेक शाळा सातवी किंवा आठवीला संपतात आणि पुढच्या शाळेत जाताना मुले गळतात. कोणती मुले गळतील हे सहावीतच ओळखता येईल का, हा प्रश्न एखाद्या विद्यापीठाने पाच-दहा वर्षे मनावर घ्यावा, असे मनापासून वाटते. ‘सरल’ आणि यू-डायस या शासनाच्या संगणकीय प्रणालींत मुलांच्या नोंदी आहेत. तो माग काढणारे कायमचे कोणी नाही.

७. आमच्या शाळेत संशोधक येऊ इच्छितात. परवानगी कोणाची लागते?

महापालिका शाळेसाठी शिक्षण विभागाची लेखी परवानगी लागते. मुख्याध्यापकांनी केवळ तोंडी ओळखीवर कोणाला वर्गात पाठवू नये. ती परवानगी आल्यानंतर आपल्या वॉर्डातील प्रशासकीय अधिकारी (शाळा) आणि विभाग निरीक्षक यांना वेळापत्रक कळवणे सोयीचे ठरते. खाजगी अनुदानित शाळेच्या बाबतीत आधी संस्थाचालकांची संमती घ्यावी लागते आणि ती शाळा माध्यमिक असेल, तर शासनाचा संबंध शिक्षण निरीक्षकांच्या कार्यालयामार्फत येतो.

८. परवानगी आली, पण त्या संशोधनाचा शाळेला उपयोग आहे की नाही, हे मुख्याध्यापकांनी कसे ओळखावे?

संशोधकांना चार-पाच गोष्टी थेट विचाराव्यात. प्रश्न कोणी ठरवला आणि तो ठरवताना एखाद्या शिक्षकाशी बोलणे झाले होते का? मुलांचे एकूण किती तास जाणार, आणि ते कोणत्या विषयाचे? निष्कर्ष शाळेला कधी आणि कोणत्या भाषेत मिळतील? चाचणीत एखादे मूल वाचू शकत नाही असे दिसले, तर ते वर्गशिक्षकांना लगेच कळेल की दोन वर्षांनी निबंधात?

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. संशोधनासाठी तपासलेल्या मुलाची अडचण नोंदवहीत बंद राहावी आणि मुलाने पुढच्या इयत्तेत जावे, हे कोणत्याही शास्त्रीय कारणाने समर्थनीय नाही. अभ्यासाच्या पद्धतीमुळे मधल्या काळात माहिती देता येत नसेल, तर अभ्यास संपताच त्या मुलांसाठी काय केले जाईल, हे लेखी घ्यावे. निष्कर्ष मराठीत, किंवा शाळेचे माध्यम असेल त्या भाषेत, शिक्षकांच्या सभेत येऊन समजावून सांगण्याची अट घालण्यासही संकोच बाळगू नये. महापालिका आठ भाषांत शाळा चालवते. त्या शाळांवरचे संशोधन मात्र बहुधा इंग्रजीतच राहते.

९. पालकांची संमती घ्यावीच लागते का? मुलाने नकार दिला तर?

मुलाची मुलाखत, स्वतंत्र चाचणी, छायाचित्रण किंवा ध्वनिमुद्रण होणार असेल, तर पालकांची माहितीपूर्ण संमती हवी आणि मुलाचा होकारही हवा. पालकांनी सही केली, तरी मूल ‘नको’ म्हणाले की तेथे थांबायचे. त्यावरून त्याला वर्गात काही ऐकावे लागणार नाही, याची काळजी शिक्षकांनी घ्यायची. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्तीला बालक मानले आहे आणि तिच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती आवश्यक ठरवली आहे. संशोधनाला त्या कायद्यात काही अटींवर सवलत असली, तरी विद्यापीठाच्या नीतिविषयक समितीने घालून दिलेले नियम तेवढ्याने सुटत नाहीत.

संमतीपत्र मुलाच्या दप्तरातून इंग्रजीत पाठवणे म्हणजे संमती नव्हे. घरकामाला किंवा नाक्यावर पहाटे बाहेर पडणाऱ्या आई-वडिलांशी बोलायचे, तर संध्याकाळी किंवा रविवारी वस्तीत जावे लागते. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्यानुसार तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असतात. त्या समितीत विषय मांडणे ही उत्तम सुरुवात आहे, परंतु समितीचा ठराव प्रत्येक पालकाच्या संमतीची जागा घेऊ शकत नाही.

१०. आमच्याकडे दरवर्षी बी.एड.चे छात्राध्यापक येतात. तेही संशोधनच का?

नाही. तो शालेय अनुभवाचा भाग आहे. दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये एकूण २० आठवडे छात्रसेवाकाल असतो. मात्र इतके आठवडे एक तरुण व्यक्ती वर्गात असते, तर तिच्याकडून केवळ पाठ टाचणे आणि फलक सजवून घेण्याऐवजी, दहा मुलांच्या वजाबाकीच्या चुकांची प्रश्न १ प्रमाणे नोंद करून घेता येईल.

११. शिक्षकाने स्वतःच्या वर्गात केलेल्या कृतिसंशोधनाला खरे संशोधन म्हणता येईल का?

म्हणता येईल, प्रश्न खरा असेल आणि उत्तर आधीच ठरलेले नसेल तर. ‘अमुक उपक्रमाने मुलांची गुणवत्ता वाढते’ असे शीर्षक, पूर्वचाचणी, पंधरा दिवसांचा उपक्रम, उत्तरचाचणी आणि शेवटी सर्वांची प्रगती, असे अहवाल एका साच्यातून काढल्यासारखे येतात आणि त्यांतून दुसऱ्या शिक्षकाला काहीच शिकता येत नाही. पंधरा दिवसांनी तीच प्रश्नपत्रिका पुन्हा दिली, तर उपक्रमाशिवायही गुण काहीसे वाढतात. उपक्रम कोणत्या तीन मुलांच्या बाबतीत चालला नाही आणि का, एवढे जरी अहवालात प्रामाणिकपणे लिहिले, तरी त्याचे मोल वाढते. विद्यापीठातील मार्गदर्शकाने शिक्षकाला द्यायची खरी मदत हीच आहे: न चाललेल्या गोष्टी लिहिण्याची हिंमत आणि रीत.

१२. सोडत काढून काही वर्गांना उपक्रम द्यायचा आणि काहींना नाही, हा त्या मुलांवर अन्याय नाही का?

उपक्रम उपयोगी आहे हे आधीच सिद्ध असेल आणि सर्वांना पुरेल एवढी सोय असेल, तर तो अन्यायच आहे आणि अशा अभ्यासाला परवानगी देऊ नये. परंतु उपयोग होतो की नाही हेच ठाऊक नसेल, किंवा माणसे आणि पैसा सगळ्यांना पुरणार नसेल, तर ओळखीपाळखीने वाटण्यापेक्षा सोडत अधिक न्याय्य आहे. रचनेतूनही मार्ग काढता येतो. बालसखीच्या अभ्यासात एका गटातील शाळांना तिसरीसाठी आणि दुसऱ्या गटातील शाळांना चौथीसाठी बालसखी मिळाली. एका शाळेची तिसरी दुसऱ्या शाळेच्या तिसरीशी ताडून पाहिली गेली, आणि योजनेतील कोणतीही शाळा पूर्णपणे वगळली गेली नाही.

तरीही कागदावरची योजना वर्गात तशीच उतरेल असे नाही. दुसऱ्या वर्षी मुंबईतील सुमारे दोन-तृतीयांश शाळांनाच प्रत्यक्षात बालसखी मिळू शकली. संशोधकांनी उरलेल्या शाळा हिशेबातून गाळल्या नाहीत; सोडतीत जशी वाटणी झाली होती, तशीच ती धरून तुलना केली. असे केल्याने आकडा लहान दिसतो, पण तो खरा असतो.

१३. ‘असर’च्या अहवालात मुंबईचा आकडा का सापडत नाही? मग आमच्या शाळेची तुलना कशाशी करायची?

‘असर’ हे मुलांचे वाचन आणि गणित तपासणारे, २००५ पासून होणारे सर्वेक्षण ग्रामीण भागाचे आहे, म्हणून त्यात मुंबई नाही. ‘असरमध्ये महाराष्ट्राचे इतके टक्के, म्हणून आमच्या वॉर्डातही तितकेच’ असे म्हणणे चूक आहे. एनसीईआरटीचे राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण (२०१७ आणि २०२१) जिल्हास्तरीय चित्र देते. नमुना निवडून केलेले असल्याने त्यावरून एका शाळेबद्दल निष्कर्ष काढता येत नाही. शाळेची सर्वांत उपयुक्त तुलना तिच्या स्वतःच्या गेल्या वर्षाशी होते, आणि त्यासाठी तीच साधने दरवर्षी, त्याच महिन्यात वापरावी लागतात. पूर्वी झालेले शोधप्रबंध पाहायचे असतील, तर ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर देशभरातील पीएच.डी. प्रबंध मोफत वाचता येतात, एम.एड.चे लघुशोधप्रबंध मात्र बहुधा त्या त्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जाऊनच पाहावे लागतात.

१४. आमच्या एकाच इमारतीत मराठी, हिंदी आणि उर्दू शाळा दोन सत्रांत भरतात, मुलेही वर्षाच्या मध्ये येतात-जातात. अशा ठिकाणी शास्त्रशुद्ध अभ्यास कसा होणार?

होऊ शकतो, पण संशोधकाने मुंबईची शाळा पाहिलेली असली पाहिजे. एका मजल्यावरच्या शाळेत नवे वाचनकार्ड आले की दुपार सत्रातील शिक्षक ते पाहतात, फोटो काढतात आणि स्वतःच्या वर्गात वापरतात. चांगले शिक्षक असेच वागणार. पण त्यामुळे ‘उपक्रम नसलेली’ शाळा तुलनेसाठी उरत नाही. म्हणून सोडत शाळानिहाय न काढता इमारतनिहाय काढावी.

मुलांच्या स्थलांतराचा प्रश्न अधिक गंभीर आहे. झोपडी तुटली, भाडे परवडेना, वडिलांचे काम दुसरीकडे गेले, एप्रिलमध्ये कुटुंब गावी गेले आणि जूनमध्ये परतले नाही, अशा कारणांनी जी मुले चाचणीच्या दिवशी नसतात, तीच बहुधा सर्वांत अडचणीतली असतात. उरलेल्यांची सरासरी काढली की शाळा आपोआप सुधारल्यासारखी दिसते. त्यामुळे किती मुले निघून गेली आणि सुरुवातीच्या चाचणीत ती कोठे होती, हे ज्या अहवालात नाही त्यातील प्रगतीचा आकडा स्वीकारू नये.

१५. निष्कर्ष वाईट आले तर शाळेची बदनामी होईल आणि पट आणखी घसरेल. शाळेचे नाव गुप्त ठेवले तर पुरते का?

ही भीती अनाठायी नाही. वर्तमानपत्रात ‘पालिका शाळांतील मुलांना वाचता येईना’ असा मथळा आला की पालक शेजारच्या इंग्रजी शाळेचा अर्ज आणतात, मग त्या शाळेत मुले काय शिकतात याचा अभ्यास कोणी केलेला असो वा नसो. महापालिकेच्या शाळा संशोधकांना खुल्या असतात, म्हणून त्यांचेच दोष छापले जातात. हा असमतोल अहवालात स्पष्टपणे लिहिणे संशोधकाचे कर्तव्य आहे.

केवळ नाव बदलून मात्र अनेकदा ओळख लपत नाही. ‘अमुक विभागातील तमिळ माध्यमाची शाळा’ एवढे लिहिले आणि त्या विभागात तशी एकच शाळा असेल, तर नाव छापल्यासारखेच आहे. कन्नड, तेलुगू, तमिळ आणि गुजराती माध्यमांच्या शाळा मोजक्या राहिल्याने हा धोका त्यांना सर्वाधिक आहे. अशा वेळी दोन-तीन विभागांचे आकडे एकत्र द्यावेत, इमारतीचे वर्णन टाळावे आणि एका शिक्षकाचे शब्द उद्धृत करण्यापूर्वी त्याला दाखवावेत; माध्यमात एकच शिक्षक असेल, तर ‘एक अनुभवी शिक्षिका’ हे शब्दही तिला उघडे पाडतात. मसुदा छपाईपूर्वी वाचून त्यातील वस्तुस्थितीच्या चुका दाखवण्याचा हक्क शाळेने जरूर मागावा. निष्कर्षच बदला किंवा दडपा, असे मात्र शाळेला म्हणता येणार नाही, आणि ही मर्यादा दोन्ही बाजूंनी काम सुरू होण्यापूर्वीच लेखी मान्य केलेली असावी.